विश्लेषण : हिवतापाच्या परजीवीला रक्तपेशीचे दार कसे सापडते? ‘डफी’ प्रथिनाचा शोध लशीच्या उंबरठ्यावर कसा पोहोचला?

व्हायवॅक्स हिवतापाविरुद्ध आजही एकही मान्यताप्राप्त लस नाही. मात्र हा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरताना कोणत्या प्रथिनाला धरतो, हे शास्त्रज्ञांना सुमारे पन्नास वर्षांपासून माहीत आहे. या माहितीवर आधारित लशीने मानवी चाचणीत परजीवीचा वेग निम्म्यावर आणला. आयआयटी मुंबईतून भौतिकशास्त्र शिकलेल्या एका रेणूजीवशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा यात मोठा वाटा आहे.

पावसाळ्यात थंडी वाजून ताप येतो, रक्ततपासणीत हिवताप निघतो, गोळ्या घेतल्यावर रुग्ण बरा होतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नव्याने डास चावलेला नसतानाही, तोच ताप परत येतो. मुंबईसारख्या शहरात अनेक कुटुंबांना हा अनुभव ओळखीचा आहे. या पुन्हा उलटणाऱ्या तापामागे बहुतेकदा ‘प्लाझमोडियम व्हायवॅक्स’ हा परजीवी असतो.

व्हायवॅक्स वेगळा का?

माणसाला हिवताप देणाऱ्या परजीवींमध्ये फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे दोन प्रमुख. फाल्सिपेरम अधिक जीवघेणा, त्यामुळे संशोधनाचा पैसा आणि लक्ष प्रामुख्याने त्याच्याकडे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या दोन्ही लशी त्याच्याविरुद्धच आहेत. २०२१ मध्ये ‘आरटीएस, एस’ला आणि २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या ‘आर२१’ला शिफारस मिळाली. व्हायवॅक्सवर त्यांचा उपयोग नाही.

व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्तावस्थेत दडून राहतात आणि नंतर जागे होऊन रक्तात उतरतात. त्यांना मारण्यासाठी भारतात प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते. ताप उतरल्यावर अनेक रुग्ण गोळ्या मध्येच सोडतात. शिवाय ‘जी६पीडी’ या विकराची कमतरता असलेल्यांमध्ये या औषधाने तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. गर्भवतींना ते देता येत नाही. भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. उलटणाऱ्या व्हायवॅक्सला रोखल्याशिवाय ते गाठणे कठीण आहे.

रक्तपेशीचे ‘कुलूप’ कसे सापडले?

या कथेची सुरुवात एका विचित्र उपचारापासून होते. प्रतिजैविके येण्यापूर्वी मेंदूपर्यंत पोहोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम हिवताप दिला जाई. तीव्र तापाने उपदंशाचे जंतू मरतात, असा त्यामागचा विचार होता. ऑस्ट्रियाचे डॉक्टर ज्युलियस वॅगनर-याउरेग यांना यासाठी १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यासाठी तुलनेने सौम्य असलेला व्हायवॅक्स वापरला जाई. अमेरिकेतील डॉक्टरांच्या लक्षात आले, की अनेक कृष्णवर्णीय रुग्णांना प्रयत्न करूनही हा हिवताप होतच नाही. पश्चिम आफ्रिकेतही व्हायवॅक्स जवळपास आढळत नव्हता. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

१९५० मध्ये ‘डफी’ हा रक्तगट ओळखला गेला. एका रुग्णाच्या आडनावावरून त्याला हे नाव मिळाले. हा गट ठरवणारे प्रथिन तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर असते. पश्चिम आफ्रिकेतील जवळपास सर्वच लोकांच्या तांबड्या पेशींवर ते नसते, म्हणजे ते ‘डफी निगेटिव्ह’ असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील लुई मिलर आणि सहकाऱ्यांनी हे दोन धागे जोडले. माकडांमधील ‘नोलेसी’ हा हिवतापाचा परजीवी डफी निगेटिव्ह पेशींत शिरू शकत नाही, हे त्यांनी १९७५ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. पुढच्या वर्षी त्यांनी व्हायवॅक्सवाहक डास चावलेल्या १७ स्वयंसेवकांचे रक्तगट तपासले. त्यांतील ११ कृष्णवर्णीय होते आणि त्या ११ पैकी ५ डफी निगेटिव्ह होते. रक्तात संसर्ग झाला नाही तो फक्त या पाच जणांना.

म्हणजे संरक्षण त्वचेच्या रंगातून आले नव्हते, ते एका प्रथिनाच्या अभावातून आले होते. १९९५ मध्ये त्याचे जनुकीय कारणही उलगडले. डफी जनुकाच्या ‘चालू-बंद’ करणाऱ्या भागातील एका अक्षराच्या बदलामुळे ते तांबड्या पेशींत तयार होत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींत मात्र ते असते.

हे प्रथिन परजीवीसाठी बनले आहे का?

अर्थातच नाही. शरीरात दाह होतो तेव्हा पेशी ‘केमोकाइन’ नावाचे संदेश देणारे रेणू सोडतात. डफी प्रथिन हे रेणू पकडते, हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. शरीराने स्वतःच्या कामासाठी ठेवलेल्या प्रथिनाचा परजीवी दाराच्या कडीसारखा वापर करतो. रोगजंतूंची ही नेहमीची रीत आहे. करोना विषाणूने रक्तदाबाच्या नियमनात सहभागी असलेले ‘एसीई२’ निवडले, तर एचआयव्हीने रोगप्रतिकारक पेशींवरील ‘सीडी४’ आणि ‘सीसीआर५’ ही प्रथिने.

या रीतीतच जंतूची अडचणही दडलेली आहे. जंतू आपले बाह्यरूप भराभर बदलू शकतो, पण माणसाचे प्रथिन त्याला बदलता येत नाही. त्यामुळे त्या प्रथिनाला धरणारा स्वतःचा भाग त्याला फारसा बदलून चालत नाही. लस बनवणाऱ्यांना हाच भाग हवा असतो.

परजीवीची ‘किल्ली’ कोणी शोधली?

व्हायवॅक्सकडे डफीला पकडणारे ‘डफी बाइंडिंग प्रोटीन’, म्हणजे डीबीपी, असल्याचे १९९० च्या सुमारास समजले होते. पण हे प्रथिन मोठे आहे. त्याचा नेमका कोणता भाग पकड घेतो, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर १९९४ मध्ये चेतन चिटणीस आणि लुई मिलर यांनी दिले. चिटणीस यांनी आयआयटी मुंबईतून भौतिकशास्त्रात एमएस्सी केले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातून जीवभौतिकीत पीएचडी करून ते मिलर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

त्यांच्या प्रयोगाची कल्पना साधी होती. डीबीपीचे वेगवेगळे तुकडे माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर उमटवायचे आणि त्यांवर माणसाच्या तांबड्या पेशी सोडायच्या. ज्या तुकड्याला पकडता येईल, त्याच्याभोवती तांबड्या पेशी फुलाच्या पाकळ्यांसारख्या चिकटतील. तसेच घडले. सुमारे साडेतीनशे अमिनो आम्लांच्या ‘रिजन टू’ या एकाच तुकड्याभोवती पेशी जमल्या. डफी निगेटिव्ह पेशी मात्र त्यालाही चिकटल्या नाहीत. अवाढव्य प्रथिनातून किल्लीचा दात वेगळा काढता आला.

चिटणीस १९९५ मध्ये भारतात परतले आणि दिल्लीतील ‘आयसीजीईबी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत रुजू झाले. तेथील अमित शर्मा आणि चिटणीस यांच्या गटांनी २००६ मध्ये नोलेसी परजीवीतील अशाच भागाची त्रिमिती रचना ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. या कामासाठी चिटणीस यांना भटनागर पुरस्कार आणि २०१० चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. सध्या ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत संशोधन करतात.

लस मग इतकी वर्षे का रखडली?

पहिले कारण प्रयोगशाळेतले आहे. फाल्सिपेरम प्रयोगशाळेत सलग वाढवता येतो, व्हायवॅक्स वाढवता येत नाही. तो केवळ नवजात तांबड्या पेशींत शिरतो आणि रक्तात अशा पेशी एक-दोन टक्केच असतात. दुसरे कारण वेळेचे. परजीवी आणि पेशी यांच्या पहिल्या स्पर्शापासून आत शिरण्यापर्यंतचा खेळ साधारण मिनिटभरात संपतो. तेवढ्या वेळात किल्ली झाकण्याइतकी प्रतिपिंडे रक्तात आधीपासून तयार असावी लागतात. तिसरे कारण पैशांचे. व्हायवॅक्सचे रुग्ण मुख्यतः आशिया, लॅटिन अमेरिका आणि पूर्व आफ्रिकेतील गरीब भागांत आहेत. तेथील रुग्णांसाठी लस तयार करण्यात कंपन्यांना नफा दिसत नाही.

तरीही काम थांबले नाही. दिल्लीत विकसित झालेल्या ‘रिजन टू’च्या लशीची भारतातील निरोगी पुरुषांवरील पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. ती सुरक्षित असून प्रतिपिंडे तयार करते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

ऑक्सफर्डच्या चाचणीत काय दिसले?

खरी परीक्षा ऑक्सफर्डमध्ये झाली. स्वयंसेवकांना लस देऊन नंतर, वैद्यकीय देखरेखीखाली, व्हायवॅक्सबाधित रक्त टोचण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लस घेतलेल्या एका गटात परजीवीच्या वाढीचा वेग लस न घेतलेल्यांच्या तुलनेत ५१ टक्क्यांनी कमी झाला. या लशीत परिणाम वाढवण्यासाठी ‘मॅट्रिक्स-एम’ हा घटक होता. पुण्यात तयार होणाऱ्या आर२१ मध्येही तोच वापरतात.

यातील एक तपशील लक्षणीय आहे. करोनाकाळात चाचणी थांबल्याने या गटाला तिसरा डोस वर्षभराहून अधिक अंतराने मिळाला, आणि नेमका याच गटात परिणाम दिसला. दर महिन्याला डोस घेतलेल्यांमध्ये तो दिसला नाही. विषाणूवाहक वापरून केलेली लसही निष्प्रभ ठरली. अडचणीतून पुढे आलेले हे अंतर आता संशोधकांसाठी महत्त्वाचा धागा ठरले आहे.

५१ टक्के हा आकडा कमी वाटेल. पण रक्तातील व्हायवॅक्सची एक फेरी ४८ तासांची असते. प्रत्येक फेरीत वाढ निम्मी झाली, तर ढोबळ गणिताने दहा दिवसांत परजीवींची संख्या एरवीच्या एक-बत्तिसांश राहते. आजार सौम्य राहणे आणि डासांपर्यंत कमी परजीवी पोहोचणे, या दोन्ही दृष्टींनी हे मोलाचे ठरू शकते.

मग हिवताप संपला म्हणायचा का?

इतक्यात नाही. परिणाम दिसलेल्या गटात केवळ सहा जण होते. ते हिवतापाच्या प्रदेशातले नव्हते आणि परजीवीचा एकच प्रकार वापरला गेला. लशीने वाढ मंदावली, संसर्ग रोखला गेला नाही. डीबीपीची पकड घेणारी जागा फारशी बदलत नसली, तरी तिच्याभोवतीचे भाग परजीवीनुसार बदलतात आणि प्रतिपिंडांना चकवतात. यकृतात दडलेल्या परजीवींवर या लशीचा परिणाम होणार नाही, त्यामुळे प्रायमाक्विनची गरज राहीलच.

सर्वांत मोठा इशारा आफ्रिकेतून आला आहे. २०१० मध्ये मादागास्करमध्ये डफी निगेटिव्ह व्यक्तींमध्येही व्हायवॅक्स हिवताप आढळला. नंतर इथिओपियासह इतर देशांतूनही अशा नोंदी आल्या. म्हणजे परजीवीकडे आत शिरण्याची दुसरी एखादी वाट असावी. नवजात रक्तपेशींवरील ‘ट्रान्सफेरिन रिसेप्टर’ या प्रथिनालाही व्हायवॅक्स पकडतो, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे भविष्यातील लशीत एकापेक्षा अधिक ‘किल्ल्या’ रोखणारे घटक एकत्र करावे लागतील, असा विचार बळावतो आहे.

रुग्णासाठी याचा अर्थ काय?

लस येईपर्यंत व्हायवॅक्सविरुद्धची शस्त्रे जुनीच आहेत. साचलेले पाणी हटवणे, मच्छरदाणी, ताप आल्यास रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचे सर्व दिवस पूर्ण करणे. ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी यकृतातला परजीवी शिल्लक असू शकतो. चौदाव्या दिवसाची गोळी त्याच्यासाठी असते.