पाळणाघर कोणाच्या हक्काचे?

आपल्या भंडारा जिल्ह्यातील माता-भगिनी पावसाळ्यात रोवणीला जातात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात, कित्येकजणी घरीच विड्या बांधतात. तेव्हा तान्हे लेकरू कोणाकडे असते? बहुधा थोरल्या बहिणीकडे. म्हणजे तिची शाळा बुडते. म्हणून पाळणाघराचा प्रश्न आम्ही शिक्षणाचाही मानतो.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. हा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे पाळणाघर मात्र सरकारऐवजी मालकाच्या माथी आले. १९४८ च्या कारखाने कायद्यात, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, ३० पेक्षा जास्त स्त्री-कामगार असल्यास पाळणाघर सक्तीचे होते. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते बंधनकारक केले, आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

पण घरी विड्या बांधणारी बाई कोणत्या पटावर मोजायची? १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही पाळणाघर होते, ते कारखान्याच्या आवारापुरतेच. कंत्राटदाराकडून पाने-तंबाखू आणून अंगणात बसणारीला त्याचा काय उपयोग! त्यामानाने २००५ च्या रोजगार हमी कायद्याने शहाणपण दाखवले. कामावर ६ वर्षांखालील ५ मुले आली, तर एका स्त्रीला त्यांच्या देखरेखीवर नेमून तिला मजुरी द्यावी, असे त्यात होते.

ब्रिटनमध्ये कमी मिळकतीच्या नोकरदार आईबापांना पाळणाघराच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग ठराविक मर्यादेत सरकारी भत्त्यातून मिळतो. आपल्याकडे असा रोख भत्ता मजूर कुटुंबांना नाही. मिळण्याजोगे आहे ते ‘पाळणा’ योजनेतील अंगणवाडी-सह-पाळणाघर. ६ महिने ते ६ वर्षांची मुले, दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे २६ दिवस. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. नेहमीची अंगणवाडी काही तासांत सुटते, रोवणीची बाई तर सायंकाळी परतते. म्हणून हा फरक मोठा आहे.

सभासदांनी आपल्या गावातील अशा मुलांची यादी करावी. विद्यार्थ्यांनी ती लिहून द्यावी. ग्रामसभेत ठराव मांडून तो बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी.