आई डिस्कमध्येच होती!

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक डीव्हीडी सापडली. वर दादाच्या अक्षरात ‘म्हसवड रथ, २००६’. त्या वर्षी दादानं सिद्धनाथाच्या रथयात्रेचं शूटिंग घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवलं होतं. रथावर गुलाल-खोबरं उधळणारी आई त्यात होती. लेकीच्या कॉम्प्युटरला लावली, तर म्हणे डिस्क रिकामी, फॉरमॅट करू का? “नको गं दाबूस!” मी ओरडलेच.

दादाला फोन लावला. “अगं, फायनलाइज करायची राहिली असणार.” रेकॉर्डिंग संपलं की डिस्कवर अनुक्रमणिका पक्की करावी लागते. ती नसली, तर दुसऱ्या प्लेअरला आत काय आहे ते कळत नाही. हे काम शक्यतो त्याच रेकॉर्डरवर होतं. नशीब, वहिनीनं माळ्यावरचं ते मशीन भंगारात दिलं नव्हतं! मेनूतलं ‘फायनलाइज’ दाबलं, थोडा वेळ थांबलो, आणि आई दिसली. कुणीच बोललं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटातल्या डिस्क आजच लावून बघा. चालत नसतील तर आधी फायनलाइज करा. मग कॉम्प्युटरवर एमपी-फोर फाइल करून दोन ठिकाणी ठेवा. डिस्क कायम टिकत नाही. आणि तोवर जुना रेकॉर्डर मोडीत घालू नका!