‘किडनीला सूज’ म्हणजे अडथळाच का?

सातव्या महिन्यातली गर्भवती, उजव्या कुशीत कळा आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘उजव्या किडनीला सूज’. घरच्यांचा पहिला तर्क मूतखड्याचा असतो. तो खरा असू शकतो; पण प्रत्येक वेळी नाही. मुळात ‘सूज’ हा शब्दच फसवा. इथे किडनीतली लघवी साठण्याची जागा रुंदावलेली असते, एवढेच. गर्भारपणात संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढते गर्भाशय बहुधा उजवीकडे कलते आणि त्या बाजूच्या मूत्रवाहिनीवर दाब येतो. त्यामुळे असे रुंदावणे अनेक निरोगी गर्भवतींमध्येही दिसते आणि बाळंतपणानंतर ओसरते.

मग खड्याने वाट अडली आहे का, हे कळायचे कसे? एरवी सीटी स्कॅन करता येतो. पण बाळाला किरणोत्सर्ग नको म्हणून गर्भारपणात तो शक्यतो टाळतात. अशा वेळी डॉप्लर तपासणी कामी येते. सोनोग्राफीचे यंत्र तेच, फक्त ते आता किडनीतल्या रक्तप्रवाहाचा वेग मोजते.

मूत्रवाहिनी अडली की किडनीतला दाब वाढतो आणि तिच्या बारीक रोहिण्या आकसतात. हृदयाच्या ठोक्यासरशी रक्त आत शिरते, पण दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात प्रवाह फारच मंदावतो. समजा, ठोक्याच्या वेळी वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर आणि विसाव्यात १६ आहे. फरक २४, त्याला ४० ने भागले की ०.६० येतात. विसाव्यातला वेग १० वर उतरला, तर हाच आकडा ०.७५ होतो. याला ‘रेझिस्टिव्ह इंडेक्स’ म्हणतात. मोठ्या माणसांत तो ०.७० च्या वर गेला, किंवा दुखऱ्या बाजूचा आकडा दुसऱ्या किडनीपेक्षा साधारण ०.१० ने जास्त भरला, तर अडथळ्याचा संशय बळावतो. नुसत्या गर्भारपणाने तो सहसा वाढत नाही, हे महत्त्वाचे.

रंगीत डॉप्लरमध्ये आणखी एक गोष्ट पाहतात. मूत्रवाहिनीतून मूत्राशयात लघवीची पिचकारी उडते, ती पडद्यावर रंगीत झोतासारखी दिसते. एका बाजूची पिचकारी बराच वेळ उडालीच नाही, तर वाट बंद असू शकते. मात्र उताणे झोपल्यावर गर्भाशयाच्या दाबानेही ती थांबते. म्हणून गर्भवतीला दुसऱ्या कुशीवर वळवून पुन्हा पाहावे लागते. घाईच्या तपासणीत नेमके हेच राहून जाते.

हा आकडा अंतिम निकाल मात्र नव्हे. वाट अर्धवट अडलेली असेल किंवा दुखणे सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तर तो नॉर्मल येऊ शकतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकानेही तो खाली राहतो. (गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, अशी गोळी मनाने घेणे तसेही धोक्याचे.) उलट मधुमेह, उच्च रक्तदाब, जुना किडनीविकार किंवा उतारवय असेल, तर अडथळा नसतानाही आकडा चढलेला सापडतो. तान्ह्या बाळांत तर तो जास्तच असतो.

कुशीतल्या कळांबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी अगदी कमी झाली किंवा एकच किडनी काम करत असेल, तर रिपोर्ट काहीही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर नुसती औषधे पुरत नाहीत. मूत्रवाहिनीत स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून तुंबलेली लघवी तातडीने मोकळी करावी लागते. हे गर्भारपणातही करता येते.