वस्तरा, केसतूड आणि संकोच

वसंत व्याख्यानमालेच्या पटांगणापासून रामकुंड हाकेच्या अंतरावर आहे. सकाळच्या प्रहरी तेथे गेले, तर एक दृश्य हमखास दिसते. कोणाच्या घरचा दहावा असतो, कोणी तीर्थविधीसाठी दूरगावाहून आलेला असतो. घाटाच्या पायरीवर तो मान खाली घालून बसतो, नाभिक ओंजळीने पाणी घेऊन त्याच्या डोक्यावर चांगले चोळतो आणि मग वस्तरा चालू लागतो. थोड्या वेळाने तोच गृहस्थ मानेमागे हात फिरवीत, “आग होते हो,” असे म्हणतो. चारचौघांत म्हणतो आणि चौघे त्याला चार उपाय सांगतात. यात कोणालाही संकोच वाटत नाही.

परंतु हीच आग काखेत झाली, जांघेत झाली किंवा जननेंद्रियाच्या परिसरात झाली, म्हणजे मनुष्य गप्प बसतो. पुरुष मित्राला सांगत नाही, स्त्री नवऱ्याला सांगत नाही, मुलगी आईला सांगत नाही. दवाखान्यात आल्यावरही आधी डोकेदुखीची गोष्ट निघते, मग पित्ताची, आणि उठता उठता दाराशी थबकून, “आणखी एक विचारायचे होते,” असे पुटपुटणे होते. त्या दाराशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आज सर्वांसमक्ष देण्याचे आम्ही योजिले आहे. विषय थोडा अवघड वाटेल. परंतु जे शरीराला आहे ते सभेत बोलण्याला हरकत नसावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्वचेचे पाहू. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो कागदापेक्षाही पातळ असतो. परंतु हीच शरीराची तटबंदी होय. आतील ओलावा बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू आत येऊ न देणे ही तिची दोन कामे. वस्तरा फिरतो तेव्हा केवळ केस निघतात असे आपण समजतो. वस्तुतः केसांबरोबर या तटाचे बारीक बारीक कपचेही निघतात. डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. घाम आणि साबण त्यांत झिरपतात आणि आपल्याला आग होते. ही झाली पहिली तऱ्हा. ती बहुधा एकदोन दिवसांत आपोआप शमते.

दुसरी तऱ्हा अधिक चिवट असते. वस्तऱ्याने केस तिरपा कापला जातो आणि त्याचे टोक भाल्यासारखे अणकुचीदार होते. त्वचा ताणून आणि केसांच्या उलट दिशेने हात चालवला, तर केस त्वचेच्या पातळीच्याही खाली कापला जातो. मग तो वाढू लागला की बाहेर येण्याऐवजी आतल्या आतच कातडीत घुसतो. केस कुरळा असेल, तर बाहेर आलेला केसही वळून पुन्हा आत शिरतो. शरीर त्याला परका काटा समजते आणि त्याच्याभोवती सूज आणते. लाल फुटकुळी येते, कधी तिच्या टोकाला पू दिसतो. त्यात जंतूंनी ठाण मांडले की मोठे, ठणकणारे गळू होते. मराठीत त्याला केसतूड म्हणतात. केस तुटल्याने होणारे, असा त्या शब्दाचा उघड अर्थ आहे. आमच्या आज्यांना सूक्ष्मदर्शक यंत्र ठाऊक नव्हते. पण भाषेने निदानाचा अर्धा भाग तरी बरोबर नोंदवून ठेवला आहे!

आता नेमक्या याच भागांना एवढा त्रास का होतो? गालावरची कातडी रोज वाऱ्याउन्हात असते आणि तिला वस्तऱ्याची सवय झालेली असते. काख आणि जांघ येथे घड्या असतात, घाम साचतो, हवा लागत नाही, कातडीवर कातडी घासते आणि वरून घट्ट कपड्याची शिवण रुततेच. शिवाय येथील केस जाड आणि वळणदार असतात, एका दिशेने न वाढता भोवऱ्यासारखे फिरतात, त्यामुळे सुलट हात कोणता आणि उलट कोणता हेच कळत नाही. त्यात आमच्या नाशिकचा एप्रिल-मे! सकाळी केस काढले आणि दुपारी सिंथेटिक कपडे घालून दुचाकीवर बसले, की संध्याकाळी जे होते ते सांगावयास नको.

मग मुळात हे केस काढावे तरी का? कोणी धर्माचार म्हणून काढतो, कोणी स्वच्छतेसाठी, कोणी आवड म्हणून. धर्माचाराविषयी आणि आवडीविषयी आम्ही काही बोलणार नाही. ज्याचा तो प्रश्न. परंतु ‘केस म्हणजे घाण’ ही समजूत मात्र खरी नव्हे. घाम साचतो तो धुतल्याने जातो, केस असोत वा नसोत. केसांमुळे कातडीचे घर्षण थोडे कमीच होते. आणि गुळगुळीतपणा म्हणजे स्वच्छता हेही खरे नव्हे. खुद्द शस्त्रवैद्यांना हा धडा फार उशिरा मिळाला. ती हकिकत ऐकण्यासारखी आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रोग्याची ती जागा वस्तऱ्याने घोटून गुळगुळीत करावयाची, अशी जगभरच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे रीत होती. केस नाहीत म्हणजे जंतू नाहीत, हा त्यामागचा समज. १९७१ साली अमेरिकेतील सेरोपियन आणि रेनॉल्ड्स या दोघा डॉक्टरांनी प्रत्यक्ष हिशेब मांडला. वस्तऱ्याने केस काढलेल्या रोग्यांपैकी शेकडा ५.६ जणांच्या जखमेत पू झाला. ज्यांचे केस काढलेच नाहीत किंवा केशनाशक मलमाने काढले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ०.६ होते. त्याहून बोलका आकडा पुढेच आहे. वस्तरा शस्त्रक्रियेच्या अगदी आधी फिरवला तर शेकडा ३.१, चोवीस तासांच्या आत फिरवला तर ७.१ आणि त्याहूनही आधी फिरवला तर शेकडा २० जणांना संसर्ग झाला! अर्थ उघड आहे. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतूंना रात्रभर मुक्काम मिळतो आणि सकाळपर्यंत त्यांचा संसार वाढतो. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी निक्षून सांगितले, की केस शक्यतो काढूच नयेत, काढावेच लागले तर कातरण यंत्राने आखूड करावेत, वस्तरा लावू नये.

बाळंतपणाचीही तीच कथा. प्रसूतीपूर्वी वस्तरा लावल्याने काही लाभ होतो काय, याची तपासणी १९२२ सालीच झाली होती आणि लाभ आढळला नव्हता. तरी ही चाल पुढे कित्येक दशके टिकली आणि असंख्य मातांनी नुकत्या जन्मलेल्या बाळाबरोबर त्या खुंटांची बोचणीही मुकाट्याने सोसली. १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही प्रथा सोडून द्यावयाच्या प्रथांच्या यादीत घातली. तेव्हा आपल्या लेकीसुनेला कोठे अजून ही सक्ती होत असेल, तर ‘याची गरज आहे काय?’ असे विचारण्यास हरकत नाही.

गंमत अशी, की जखमेभोवतीचे केस काढण्याविषयी सुश्रुताने लिहिले, तेव्हा त्याने वस्तऱ्याबरोबर कात्री आणि चिमटा यांचीही नावे घेतली होती. आम्ही वस्तरा तेवढा लक्षात ठेवला आणि कात्री विसरलो. आमचा पहिला सल्ला म्हणूनच कात्रीचा आहे. केस मुळापासून काढू नका, आखूड करा. बोथट टोकाची लहान कात्री किंवा ट्रिमर घेऊन दोनतीन मिलिमीटर केस राखले, तर टोक आत घुसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या एका गोष्टीने निम्म्याहून अधिक तक्रारी टळतात, असा आमचा अनुभव आहे.

तरीही ज्याला वस्तरा वापरावयाचाच आहे, त्याने रामकुंडावरील नाभिकाची पहिली कृती आठवावी. तो पाणी चोळतो ते उगाच नव्हे. कोरडा केस तारेसारखा ताठ असतो. पाणी प्याला की फुगतो आणि मऊ होतो आणि थोड्या जोराने कापला जातो. म्हणून केस लांब असल्यास आधी कात्रीने आखूड करावेत, कोमट पाण्याने अंघोळ करावी आणि शेवटी वस्तरा घ्यावा. बिनवासाचा साबण किंवा दाढीची क्रीम लावून दोनतीन मिनिटे थांबावे. पाते नवे आणि धारदार असावे. बोथट पात्याने जोर लावावा लागतो आणि जोराचा दंड कातडीला होतो. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, हलक्या हाताने, आखूड आखूड फटके घ्यावेत आणि प्रत्येक फटक्यानंतर पाते धुवावे. एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नये. केशकर्तनालयात ‘उलटा हात मारू का?’ असे विचारतात, तेव्हा आपण मोठ्या हौसेने मान डोलावतो. नाजूक भागात ही हौस नको. थोडे खुंट राहिले तर राहू द्यावेत.

आपला वस्तरा दुसऱ्यास देऊ नये, दुसऱ्याचा घेऊ नये. मग ते सख्खे भाऊ असोत की नवराबायको. न दिसणाऱ्या रक्ताच्या थेंबातून काविळीचे काही प्रकार आणि एचआयव्ही पसरू शकतात, आणि चामखिळीही एकाकडून दुसऱ्याकडे जातात. इतकेच नव्हे, तर स्वतःच्याच अंगावर चामखीळ असता तिच्यावरून पाते फिरवल्यास ती आसपास पेरली जाते. तुरटीचेही तसेच. तुरटी रक्त थांबवते हे खरे. परंतु एकच खडा दहा जणांच्या मानेवरून फिरला, तर तो औषध राहत नाही. आणि नाजूक भागावर तुरटी, अत्तर किंवा स्पिरिट लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

केस काढून झाल्यावर थंड पाण्याने धुवावे आणि मऊ टॉवेलने टिपावे, घासू नये. साधे, बिनवासाचे व्हॅसलीन अगदी पातळ लावले तर पुरे. पुढचा एक दिवस सैल सुती कपडे वापरावेत आणि काखेत सुगंधी फवारा मारू नये. हे काम रात्री झोपण्यापूर्वी केले, तर घामाआधी कातडीला रात्रभर विसावा मिळतो. केशनाशक मलम हा दुसरा मार्ग आहे. पण ते केस विरघळवणारे रसायन आहे. आधी हाताच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी, डबीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा अधिक ठेवू नये आणि जननेंद्रियाच्या ओलसर आतल्या त्वचेला मुळीच लावू नये.

एवढे करूनही पुरळ उठलाच तर? पहिला उपाय असा, की वस्तरा खाली ठेवावा. पुरळ असताना पुन्हा त्यावरून पाते फिरवणे ही सर्वांत मोठी आणि सर्वांत सामान्य चूक होय. थंड पाण्याची घडी दहा मिनिटे ठेवावी. खाजेसाठी कॅलामाइन लोशन चालते. फुटकुळ्या कठीण आणि दुखऱ्या असतील, तर कोमट पाण्याने दिवसातून दोनतीन वेळा शेकावे. आत अडकलेला केस सुईने उकरू नये, फुटकुळी पिळू नये. तीनचार आठवडे केस वाढू दिले तर बहुतेक केस आपली वाट आपणच शोधतात. लिंबाचा रस, टूथपेस्ट, पाणी न घातलेले जंतुनाशक हे सारे घरगुती प्रयोग आम्ही पाहिले आहेत आणि त्यांनी भाजलेली कातडीही पाहिली आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एक गृहिणी आमच्याकडे आल्या होत्या. जांघेत पुरळ होता. लाजेने डॉक्टरकडे न जाता त्यांनी शेजारणीने दिलेले एक मलम लावले. दोन दिवसांत खाज गेली, मलम थांबवताच दुप्पट झाली, पुन्हा मलम. असे आठ महिने चालले. आमच्याकडे आल्या तेव्हा कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेघा उमटल्या होत्या आणि पुरळाचा गजकर्ण मांडीभर पसरला होता. त्या मलमात तीव्र स्टेरॉइड होते. स्टेरॉइड सूज दाबते, म्हणून बरे वाटते. परंतु बुरशी असेल तर तिला मोकळे रान मिळते. डॉक्टरच्या हाती ते उत्तम औषध आहे, संकोचाच्या हाती ते विष होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण नियम दुकानाला असतो. शेजारणीच्या कपाटाला तो कसा लागू होणार?

म्हणून डॉक्टरकडे केव्हा जावे, हे नीट ध्यानात ठेवावे. कडेला उंचवटा आणि मध्ये निवळलेले असे गोल चट्टे दिसले, तर तो वस्तऱ्याचा पुरळ नसून गजकर्ण असण्याचा संभव असतो. पाण्याचे फोड किंवा व्रण असले, तर ते निराळ्या संसर्गाचे लक्षण असू शकते. लाली वेगाने पसरू लागली, ताप आला, गळू वाढून ठणका लागला, किंवा आठवडाभरात उतार पडला नाही, तर घरगुती उपाय पुरे करावेत. मधुमेह असणाऱ्यांनी तर आठवडाही थांबू नये. त्यांच्या जांघेतील लहानसे गळू पाहता पाहता जिवावर बेतू शकते.

रामकुंडावरचा तो गृहस्थ मानेची आग चारचौघांत सांगतो आणि म्हणूनच लवकर बरा होतो. जांघेची कातडी मानेच्या कातडीहून निराळ्या धाग्याने विणलेली नाही. तिचे दुखणे सभेत सांगावे असे आम्ही म्हणत नाही. दवाखान्यात शिरल्यावर डोकेदुखीने सुरुवात न करता ते पहिल्या वाक्यात सांगावे, एवढेच आमचे मागणे आहे.