कच्च्या खडकातली धातूची खाण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

धातूचे साठे नेहमी टणक दगडातच असतात असे नाही. ठिसूळ, भेगाळ, पाणी मुरलेल्या खडकातही ते सापडतात. तिथे माणसे उतरवायची, तर काही समजुती आधी दुरुस्त करायला हव्यात.

गैरसमज: कच्च्या खडकात भूमिगत खाण करता येत नाही.
वस्तुस्थिती: येते, पण पद्धत खडक ठरवतो. अमेरिकेत नेवाडातल्या कॉमस्टॉकचे चांदीचे धातुक रुंद आणि इतके मऊ होते, की साधे टेकू टिकेनात. १८६० साली फिलिप डायडेशायमर यांनी एकमेकींत गुंफलेल्या लाकडी चौकटींची रीत काढली. जेवढे खणले, तेवढी चौकट लगेच उभी राहायची.

गैरसमज: छताला जाड टेकू दिले की झाले.
वस्तुस्थिती: टेकू खालून वजन पेलतो, तर छतात भोक पाडून बसवलेला पोलादी रूफ बोल्ट खडकाचे थर एकत्र बांधून खडकालाच भार पेलायला लावतो. पण तो वेळेत बसायला हवा. कच्चे छत आधाराशिवाय काही तास, कधी काही मिनिटेच तग धरते. पोकळी जितकी रुंद, तितकी मुदत कमी. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पहारीने छत ठोकून पाहतात. आवाज खणखणीत आला तर खडक घट्ट. बद्द आला तर थर सुटलेला. तो आधी पाडायचा, मगच पुढे जायचे.

गैरसमज: पोकळीत भरलेली वाळू काय आधार देणार?
वस्तुस्थिती: भारतात मॉयल या सरकारी कंपनीच्या बालाघाट, चिखला अशा मँगनीज खाणींत ‘कट अँड फिल’ पद्धत वापरतात. खालून वर एकेक काप काढायचा आणि रिकामी जागा भरून घ्यायची. पाण्याबरोबर सोडलेल्या वाळूतले पाणी निथळले, की घट्ट बसलेला भराव बाजूच्या भिंतींना धरून ठेवतो आणि पुढच्या कापासाठी तोच पायाखालची जमीन होतो. धातुकच फार कच्चे असेल, तर क्रम उलटा: सिमेंट मिसळलेल्या भरावाचे छत करून त्याखाली, वरून खाली काम.

गैरसमज: खडक कोसळला म्हणजे पद्धत फसली.
वस्तुस्थिती: ब्लॉक केव्हिंगमध्ये तो मुद्दाम कोसळवतात. धातुकाचा पाया खालून कापला, की वरचा भेगाळ खडक आपल्याच वजनाने तुटतो. कामगार खालच्या, आधार दिलेल्या बोगद्यांतून तो काढून घेतात. चिलीतली एल तेनिएन्ते ही तांब्याची प्रचंड खाण याच पद्धतीने चालते.

गैरसमज: योग्य पद्धत निवडली, की धोका संपला.
वस्तुस्थिती: त्याच एल तेनिएन्तेत ३१ जुलै २०२५ रोजी भूकंपीय धक्क्यानंतर बोगदे ढासळून ६ कामगार मरण पावले. जमीन खणताना बदलत राहते, म्हणून तपासणी आणि आधार रोजच हवेत. बोल्ट बसवण्यात गेलेला वेळ उत्पादनातला तोटा म्हणून मोजणे आधी थांबले पाहिजे.