माल संपला, पानाचे काय?

बाजारपेठेतील दुकानदाराकडे एखादी वस्तू नसली, तरी तो गिऱ्हाइकाला मुकाट्याने परत पाठवीत नाही. ‘सोमवारी माल येईल’, ‘ही कंपनी बंद झाली, पण याच मापाची दुसरी आहे’ किंवा ‘आता हे मिळणे कठीण’ यांपैकी एक उत्तर तो देतोच. ते उत्तर खरे ठरले की गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते. ऑनलाइन दुकानात हे उत्तर वस्तूच्या पानालाच द्यावे लागते. चालू खाते व पेमेंट गेटवे घेऊन संकेतस्थळावर विक्री करणाऱ्या लघुउद्योजकांची नेमकी येथेच हयगय होते. माल संपला की पान पुसून टाकणे हा त्यांना सोपा उपाय वाटतो. प्रत्यक्षात तो महाग पडतो.

याचे कारण असे की, प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो. तो कोणी नातेवाइकांना पाठविलेला असतो, जुन्या पावतीच्या ई-मेलमध्ये असतो आणि गुगलसारख्या शोधयंत्राच्या नोंदीतही असतो. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच पत्ते बदलू नयेत असा आग्रह धरला होता. पान पुसले की त्या पत्त्यावर येणाऱ्यास ‘४०४’ हा क्रमांक, म्हणजे ‘सापडले नाही’ एवढेच उत्तर मिळते. अनेक महिन्यांत कमावलेली वर्दळ त्याबरोबर नाहीशी होते.

कोकणातील हापूस आंब्याचे उदाहरण घेता येईल. त्याचा हंगाम उन्हाळ्यापुरता. उरलेले महिने पेटी मिळत नाही. तरीही ते पान बारा महिने उभे राहिले पाहिजे, आणि दरवर्षी नवा पत्ता न घेता त्याच पत्त्यावर राहिले पाहिजे. खरेदीचे बटण निष्क्रिय करावे, ‘हंगाम संपला’ असे ठळक लिहावे, मागील दर दाखवायचाच तर तो मागील हंगामाचा आहे हे सांगावे. ‘आल्यावर कळवा’ अशी सोय ठेवल्यास पुढील वर्षाच्या मागणीचा अंदाजही हाती येतो. शोधयंत्रांसाठी पानात दडलेली उपलब्धतेची नोंदही त्याच वेळी बदलावी लागते. पानावर ‘माल नाही’ आणि आतल्या नोंदीत ‘उपलब्ध’ असा विसंवाद राहिला, तर गुगलच्या खरेदी-विभागातील जाहिरात नाकारली जाऊ शकते. माल परत येण्याची तारीख मात्र पक्की असेल तरच द्यावी.

उत्पादनच बंद झाले असेल, तर विचार अधिक करावा लागतो. बजाजची पेट्रोलवरील चेतक स्कूटर या शतकाच्या पहिल्या दशकात बनायची थांबली. जानेवारी २०२० मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. जुन्या चेतकचे सुटे भाग विकणाऱ्याने कार्बोरेटरचे पान बंद करून गिऱ्हाइकाला नव्या चेतककडे वळविले, तर ते हास्यास्पद ठरेल. विजेच्या गाडीला कार्बोरेटरच नसतो. नाव सारखे म्हणजे वस्तू सारखी नव्हे. त्याऐवजी जुने पान ठेवून ‘हा भाग आता बनत नाही, याच मापाचा दुसऱ्या उत्पादकाचा भाग येथे आहे’ असा स्पष्ट दुवा द्यावा. जुनी गाडी जपणारा मनुष्य जोडक्रमांक, मापे, छायाचित्र यांसाठीही ते पान उघडतो, आणि गिऱ्हाईक म्हणून तो सहसा चिकट निघतो.

जिथे नवी वस्तू जुनीची खरोखर जागा घेते, तिथे ‘३०१’ म्हणजे कायमच्या स्थलांतराची सूचना योग्य. बँक-कर्मचाऱ्यांस हे सहज उमजेल. १ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातील बँकांचे विलीनीकरण झाले, तेव्हा जुने आयएफएससी क्रमांक लगेच रद्द न करता काही काळ चालू ठेवले गेले. संकेतस्थळावरही अशी सूचना निदान वर्षभर ठेवावी, अशी गुगलची शिफारस आहे. बंद पडलेली सारी पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळविण्याची पद्धत मात्र टाकाऊ आहे. गिऱ्हाईक गोंधळते, आणि गुगल अशा वळणाला बहुधा ‘सापडले नाही’ असेच धरते. पर्यायच नसेल तर ‘४१०’, म्हणजे ‘कायमचे गेले’, हे उत्तर प्रामाणिक होय. त्या पानावर दुकानाच्या संबंधित विभागाचा दुवा असावा. एकेकच विणल्या जाणाऱ्या पाटणच्या पटोळ्याचे किंवा पैठणीचे पान मात्र ‘विकली गेली’ अशा नोंदीसह ठेवण्यासारखे आहे. विणकराच्या हाताचा तो नमुनाच असतो.

खरा प्रश्न पैशाचा आहे. गल्ल्यावरची विक्री आणि संकेतस्थळावरची विक्री एकाच साठ्यातून होते. शेवटचा नग सकाळी दुकानात गेला आणि पान तसेच राहिले, तर दुपारी कोणी तरी नसलेल्या मालाचे पैसे भरतो. मग परतावा, त्याची वाट पाहणे आणि तक्रार. गेटवेचे शुल्क दुकानदाराला परत मिळेलच असे नाही. करार वाचून घ्यावा. दोन्ही विक्रींची साठा-नोंद एकच ठेवणे आणि पैसे भरले जाईपर्यंत नग काही मिनिटे राखून ठेवणे, हा त्यावरील उपाय.

कायदाही येथे गप्प नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये मागणी रद्द करणाऱ्या ग्राहकाकडून शुल्क घ्यायचे असेल, तर स्वतः मागणी रद्द करताना विक्रेत्या संस्थेनेही तसाच भार सोसला पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांचे तेरा प्रकार दिले आहेत. वस्तू उपलब्ध दाखवायची आणि टोपलीत टाकल्यावर ‘संपली’ म्हणून महागडी पुढे करायची, हा त्यांपैकीच एक. ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई हा दुसरा.

शाखेत ‘पैसे गेले, माल नाही’ अशी तक्रार आल्यास एक भेद आधी पाहावा. खात्यातून रक्कम वजा झाली पण विक्रेत्याकडे व्यवहाराची निश्चिती पोहोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई आहे. व्यवहार पूर्ण झाला आणि माल नंतर संपल्याचे कळले, तर तो परतावा विक्रेत्याने द्यावयाचा असतो. अशा वेळी मागणी-क्रमांक व विक्रेत्याचा रद्द केल्याचा संदेश ग्राहकाने जपून ठेवावा.