इस्तिखारा, नीट आणि ७ मार्च

रमजानमध्ये मौलानांकडे एक विनंती हमखास येते. "आमच्यासाठी इस्तिखारा करून द्या." कधी लग्नाचे स्थळ असते, कधी दुकानाची जागा, आणि अलीकडे नीटसुद्धा. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला झाला. नीटच्या अर्जाची मुदत ७ मार्चला रात्री ११.५० वाजता संपत होती. पुन्हा बसायचे की नाही, हे ज्या घरांत ठरलेले नव्हते, तिथे तेव्हा इफ्तारनंतर दुसरा विषय नव्हता.

भोर तालुक्यातल्या शिवरे गावात असे एक घर आहे. महामार्गाच्या कडेला वडिलांचे पंक्चरचे दुकान. मुलीने गेल्या वर्षी बारावीनंतर नीट दिली, पाचशेच्या घरात गुण आले. सरकारी एमबीबीएस हुकले, बीयूएमएसला म्हणजे युनानीला प्रवेश मिळाला. ती म्हणते, एकदा अजून बसते. अब्बा म्हणतात, हातातले सोडू नको. अम्मीने मौलानांकडे निरोप धाडला.

इस्तिखारा म्हणजे काय, हे आधी पाहू. दोन रकात नफ्ल नमाज आणि त्यानंतर एक दुआ. हजरत जाबिर यांनी सांगितलेली ही हदीस सहीह बुखारीत आहे. या कामात माझे भले असेल तर ते सोपे कर, नसेल तर मला त्यापासून वळव, असा दुआचा आशय. त्यात स्वप्नाचा उल्लेख नाही, हिरवा-लाल रंग दिसण्याचा तर नाहीच. ज्याचे काम त्याने मागायची ही दुआ आहे. तेव्हा दोन रकात त्या मुलीने पढायच्या, मौलानांनी नव्हे. आणि इस्तिखाऱ्याच्या जोडीला मशवरा, म्हणजे सल्लामसलत, हवीच. कुरआनात एका सूरहचे नावच 'शूरा' आहे.

मशवरा करायचा तर आकडे समोर हवेत. २०२४ ला २३ लाखांवर मुले परीक्षेला बसली, १३ लाखांवर पात्र ठरली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे 'पात्र' या शब्दाला तसा अर्थ नाही. गुणांनाही एकट्याने अर्थ नाही, क्रमांक पाहावा लागतो. ६५० गुणांना २०२३ मध्ये जो क्रमांक मिळत होता, तो २०२४ मध्ये कितीतरी हजारांनी खाली गेला. म्हणून "अजून पन्नास गुण वाढवले की झाले" हा हिशेब कच्चा आहे.

पुन्हा बसण्याचा प्रश्न जून २०२४ मध्ये १,५६३ मुलांपुढे अचानक आला होता. वेळ वाया गेल्याबद्दल मिळालेले वाढीव गुण रद्द झाले. १३ जूनला सर्वोच्च न्यायालयात हे स्पष्ट झाले आणि फेरपरीक्षा २३ जूनला ठरली. मधल्या दहा दिवसांत बकरी ईदही होती. एक तर पुन्हा बसा, नाही तर मूळ गुण घ्या. ८१३ जण बसले, ७५० बसले नाहीत. बसले ते धाडसी आणि न बसलेले भित्रे, असे म्हणता येईल का? ज्याच्या त्याच्या गुणपत्रिकेवर ते अवलंबून होते.

शिवऱ्याच्या घरात पैशाचाही प्रश्न आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. तांबोळी, बागवान, अत्तार ओबीसीत येतात, तरीही जातीचे दाखले आणि वैधता प्रमाणपत्र यांवाचून कितीतरी अर्ज अडतात. अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. वसतिगृह, खाणावळ, पुस्तके हा खर्च राहतोच.

माझे मत विचाराल तर अर्ज भरून टाकावा. २०२५ ला ओबीसीसाठी १,६०० रुपये शुल्क होते. पंक्चर काढणाऱ्याला ते कमी नाहीत, पण एका वर्षापेक्षा नक्कीच कमी आहेत. अर्ज भरणे म्हणजे जागा सोडणे नव्हे. २०२५ ची परीक्षा ४ मेला होती. नवी जागा पक्की झाल्याशिवाय हातातली सोडू नये, आणि सोडताना काय भरावे लागते ते माहितीपुस्तिकेत वाचूनच ठरवावे. ओळखीच्यांच्या सांगण्यावर तर मुळीच नको.

मात्र युनानीला कमी समजून कुणी बसणार असेल, तर मला ते पटत नाही. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये युनानीचे महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, तिथल्या रांगा जाऊन पाहाव्यात. आणि वयाची कमाल अट २०२२ मध्ये गेली, प्रयत्नांनाही मर्यादा नाही. ही सोय आहे खरी, पण याच सोयीत काही मुलांची तीन-तीन, चार-चार वर्षे गेली आहेत. तेव्हा किती वेळा बसायचे, ते आताच ठरवावे.

२०२५ ला १८० प्रश्न, १८० मिनिटे होती. ऐच्छिक प्रश्न तेव्हा काढून टाकले. मुलीने सहरीनंतर घड्याळ लावून एक पूर्ण पेपर सोडवावा, मग तरावीहनंतर अब्बांसमोर तो तपासावा. असे तीन पेपर झाले की गुण वाढण्याची चिन्हे आहेत की नाहीत, ते घरात सगळ्यांनाच दिसेल.